हाडांत साठलेले शिसे

शिसपेन्सिलीत शिसे नसते, हे आपण सगळेच मुलांना सांगतो. आतली काळी कांडी ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनची असते. ग्रॅफाइट पहिल्यांदा सापडले तेव्हा लोकांना तो शिशाचाच एक प्रकार वाटला आणि नाव तसेच चिकटून राहिले. पण ही पेन्सिल ज्या बोटांत धरलेली असते, त्या बोटांच्या हाडांत मात्र थोडेसे खरेखुरे शिसे असते. ते मुलांच्या हाडांत असते, तसेच तुमच्या-आमच्याही असते.

लोह, तांबे, जस्त हे धातू शरीराला अल्प प्रमाणात लागतात. शिशाचा शरीराला काहीच उपयोग नाही. मग ते हाडांत आले कुठून आणि तिथे टिकून का राहिले? ‘सगळ्यांच्याच अंगात आहे, म्हणजे ते स्वाभाविक असणार,’ असे उत्तर विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी चाळीस वर्षे दिले. ते उत्तर चुकीचे कसे ठरले, याची ही हकीकत आहे. तिच्यात एक भूगर्भरसायनज्ञ आहे, एक बालरोगतज्ज्ञ आहे आणि काही शाळाशिक्षकही आहेत.

जमा-खर्चाचे गणित

आधी शरीरात शिसे साठते कसे ते पाहू. शिसे श्वासातून किंवा अन्नपाण्यातून आत येते. प्रौढ माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग रक्तात शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. पोट रिकामे असेल, आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शोषण आणखी वाढते.

रक्तात आलेले शिसे मूत्रपिंडे हळूहळू बाहेर टाकतात. नवी भर पडली नाही तर रक्तातले शिसे साधारण एका महिन्यात निम्मे होते. पण सगळेच शिसे बाहेर पडत नाही. शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनाप्रमाणेच दोन धन प्रभारांचा असतो, त्यामुळे हाडे घडवणारी यंत्रणा फसते. कॅल्शियमच्या जागी शिसे जाऊन बसते. एकदा हाडात बसलेले शिसे निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. प्रौढांच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत आणि दातांत असते.

हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवता येते. एका हौदात दरमहा १०० तांबे पाणी ओतले आणि महिनाअखेर हौदातले निम्मे पाणी निघून गेले असे समजा. पहिल्या महिन्यात पाणी ओतल्यावर १०० तांबे, दुसऱ्या महिन्यात १५०, तिसऱ्या महिन्यात १७५, चौथ्या महिन्यात साडेसत्याऐंशी अधिक १००. असे करत साठा २०० च्या जवळ जाऊन थांबतो. आता दुसरा हौद घ्या. ओतायचे तेवढेच, दरमहा १०० तांबे. पण महिनाअखेर निघून जाते ते शंभरातला एकच भाग. वर्षभरात साठा अकराशेच्या वर जातो, दहा वर्षांत सात हजारांवर पोचतो आणि शेवटी दहा हजारांच्या जवळ स्थिरावतो. आवक दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो जावकीत. रक्त हे पहिल्या हौदासारखे आहे, आणि हाडे दुसऱ्याहूनही संथ आहेत.

आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. दहा हजारांवर स्थिरावलेल्या हौदातही दरमहा १०० तांबे येतात आणि १०० जातात. आवक-जावक जुळली म्हणजे हौद रिकामा आहे असे होत नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

जुनी ओळख

शिसे विषारी आहे, हे काही नव्याने कळलेले नाही. मऊ, सहज वितळणारा आणि न गंजणारा हा धातू रोमन लोकांनी पाण्याच्या नळांसाठी भरपूर वापरला. नळकाम करणाऱ्याला आपण ‘प्लंबर’ म्हणतो, तो शब्द शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरून आला. शिशाची रासायनिक संज्ञाही तिथूनच आली. रोमन लोक द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यात आटवून गोड पाक करत आणि तो मद्यात घालत. आपल्याकडे देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइडच होय. सफेता म्हणून ओळखला जाणारा पांढरा रंग शिशाच्या कार्बोनेटपासून होत असे.

या रंगाने मुलांना विषबाधा होते, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञाने दाखवून दिले. घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांना लावलेला रंग उन्हाने भुकटीसारखा होई. तो मुलांच्या हाताला लागे आणि हातावाटे तोंडात जाई. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात सफेत्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करारही केला. म्हणजे १९२१ पर्यंत जगाला पुरेसे कळले होते. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिशाला एक नवी वाट मोकळी झाली.

पेट्रोलमधले शिसे

त्या काळात मोटारींची इंजिने ठकठकत. इंधन सिलिंडरात अवेळी पेट घेई आणि शक्ती वाया जाई. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी कित्येक पदार्थ तपासल्यानंतर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने ही ठकठक थांबते असे दाखवले. ते अगदी थोडे लागे आणि स्वस्तही पडे. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन गावी असे पेट्रोल विकायला आले. त्याचे व्यापारी नाव ‘एथिल’ असे होते. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन आणि त्याचा वास घेऊन तो निर्धोक असल्याचे दाखवले. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने परिषद बोलावली. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी तिथे इशारा दिला: प्रश्न केवळ कारखान्यातल्या कामगारांचा नाही, हे शिसे रस्त्यांवरच्या धुळीत वर्षानुवर्षे थोडे थोडे पसरत राहील. नेमलेल्या समितीला बंदी घालण्याइतपत आधार सापडला नाही. अभ्यास चालू ठेवावा, अशी शिफारस तिने केली.

तो अभ्यास पुढे चाळीस वर्षे मुख्यतः शिशाच्या उद्योगाच्याच पैशावर चालला. सिनसिनाटी विद्यापीठातले रॉबर्ट किहो हे त्यातले प्रमुख नाव. त्यांची मांडणी अशी होती: सर्व माणसांच्या शरीरात शिसे सापडते, तेव्हा ते नैसर्गिक आहे. आत येते तेवढे बाहेर टाकले जाते, म्हणजे शरीराने ते सांभाळून घेतले आहे. एक डेसिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी शिसे असेल तर विषबाधा होत नाही.

मोटारींपासून दूर राहणारी माणसे कशी असतात, हे पाहायला किहो मेक्सिकोतल्या एका खेड्यातही गेले. तिथल्या शेतकऱ्यांच्या अंगातही शिसे निघाले. त्यावरून त्यांनी आपला सिद्धांत पक्का केला. पण ही माणसे शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होती. तुलनेसाठी निवडलेला गटही शिशापासून मुक्त नव्हता. आवक-जावक जुळते या दुसऱ्या मुद्द्यातली खोच वाचकांना आपल्या हौदावरून कळलीच असेल.

पृथ्वीचे वय आणि प्रयोगशाळेतली धूळ

ही मांडणी ढासळवणारा माणूस वैद्यकातला नव्हता. क्लेअर पॅटरसन यांना पृथ्वीचे वय काढायचे होते. युरेनियमचे किरणोत्सारी विघटन होत होत शेवटी शिसे तयार होते. उल्केतल्या शिशाचे निरनिराळे समस्थानिक मोजले तर सूर्यमालेच्या जन्माची वेळ काढता येते. हे काम हाती घेतल्यावर पॅटरसन यांना एक विचित्र अडचण आली. नमुन्यात असायला हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसे निघे, आणि दर वेळी वेगळे. ते शिसे खडकातले नव्हते. ते हवेतून येत होते, काचेच्या भांड्यांतून, आम्लांतून, भिंतींच्या रंगातून आणि माणसांच्या कपड्या-केसांतूनही येत होते.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पॅटरसन यांनी गाळलेल्या हवेची, कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. १९५६ साली त्यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. तो आकडा आजही मान्य आहे. पण प्रयोगशाळेत घुसणाऱ्या त्या शिशाचा विचार त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

त्यांनी समुद्राचे पाणी तपासले. खोल पाण्यापेक्षा पृष्ठभागाजवळच्या पाण्यात शिसे कितीतरी जास्त होते. समुद्राचे पाणी वरखाली मिसळायला शेकडो वर्षे लागतात. तेव्हा हे शिसे अलीकडेच वरून पडलेले असणार. मग ते ग्रीनलंडच्या बर्फाकडे वळले. तिथे दर वर्षीचे हिम थरावर थर साचून टिकते. जणू हवेची वर्षवार नोंदवहीच. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारापासून १९६५ पर्यंत बर्फातले शिसे सुमारे दोनशे पटींनी वाढले होते आणि १९४० नंतरची वाढ सर्वांत तीव्र होती.

दरम्यान १९६५ साली त्यांनी माणसाच्या शरीरातल्या शिशाविषयी लेख लिहिला. पृथ्वीच्या कवचात, पाण्यात आणि वनस्पतींत मुळात किती शिसे असते, यावरून माणसाच्या अंगात स्वाभाविकपणे किती असावे याचा त्यांनी अंदाज बांधला. प्रत्यक्षातला साठा त्याच्या सुमारे शंभरपट निघाला. आपण ज्याला ‘स्वाभाविक’ म्हणतो ते फक्त ‘नेहमी आढळणारे’ आहे. सगळ्यांच्याच अंगात भर पडली असेल, तर एकमेकांशी तुलना करून ती दिसणारच नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

या लेखावर मोठे वादळ उठले. तेल उद्योगाकडून त्यांना मिळणारा निधी बंद झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने हवेतल्या शिशावर नेमलेल्या समितीत, या विषयातले सर्वांत काटेकोर मोजमाप करणाऱ्या पॅटरसन यांना जागा मिळाली नाही. १९६६ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर किहो आणि पॅटरसन या दोघांच्याही साक्षी झाल्या. पॅटरसन यांनी पुढे तुलनेसाठी खरोखरच जुनी माणसे शोधली. पेरू देशातल्या सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत आजच्या माणसाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी शिसे होते. हा शोधनिबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला.

दुधाचे दात आणि शिक्षकांची टिपणे

शिसे वाढले आहे हे सिद्ध झाले; पण त्याने बिघडते काय? ज्या मुलाला फेफरे येत नाही, पोटात कळा येत नाहीत, जे चारचौघांसारखे शाळेत जाते, त्याच्यावर थोड्या शिशाचा परिणाम होतो का? रक्त तपासून याचे उत्तर मिळेना, कारण रक्त सांगते ते गेल्या महिना-दोन महिन्यांचे. दोन वर्षांच्या वयात रांगताना पोटात गेलेले शिसे आठव्या वर्षी रक्तात दिसणार नाही.

फिलाडेल्फियातले बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांना यावर एक साधा उपाय सुचला. दात हा हाडाचाच भाऊ. दुधाचा दात सहाव्या-सातव्या वर्षी आपोआप पडतो, म्हणजे मुलाला सुई टोचावी लागत नाही. १९७२ साली त्यांनी दाखवले की, शहराच्या जुन्या दाट वस्तीतल्या मुलांच्या दातांत उपनगरातल्या मुलांच्या जवळपास पाचपट शिसे होते.

मग बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दात गोळा करण्यात आले. दात त्याच मुलाचा आहे ना, हे तोंडातली ताजी खाच पाहून शिक्षकच तपासत. त्यानंतर शिक्षकांना प्रत्येक मुलाविषयी अकरा सोपे प्रश्न विचारले. लक्ष विचलित होते का? हातचे काम अर्धवट सोडतो का? साध्या सूचना पाळता येतात का? पटकन चिडतो का? दिवास्वप्नांत रमतो का? कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. दोन हजारांहून अधिक मुलांची टिपणे अशी जमली.

१९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातातले शिसे जसजसे जास्त, तसतशी शिक्षकांची प्रतिकूल टिपणे वाढत गेलेली दिसली. अधिक शिसे असलेल्या आणि कमी शिसे असलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात, इतर घटक हिशेबात घेऊनही, सुमारे चार गुणांचा फरक पडला. यातल्या एकाही मुलाला विषबाधेची उघड लक्षणे नव्हती. अकरा वर्षांनी याच मुलांपैकी काहींचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा अधिक शिसेवाल्यांत वाचनाच्या अडचणी आणि शाळा सोडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळले.

चार-पाच गुणांनी काय होते, असे वाटेल. एका मुलापुरते ते खरेही आहे. पण बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरले, तर ७० च्या खाली शंभरात साधारण दोन-तीन मुले असतात. संपूर्ण गटाची सरासरी पाच गुणांनी खाली आली तर हीच संख्या जवळपास दुप्पट होते.

आपल्या वर्गात ज्याला ‘ढ’ किंवा ‘द्वाड’ म्हणून मागे बसवले जाते, त्या मुलाकडे या आकड्यांच्या उजेडात पाहिले पाहिजे. प्रत्येक चंचल मुलामागे शिसे असते असे मुळीच नाही. घरची परिस्थिती, आजार, कुपोषण, आपली शिकवण्याची पद्धत अशी अनेक कारणे असतात. पण स्वभावदोष म्हणून आपण ज्यावर शिक्का मारतो, त्यातला काही भाग भिंतीच्या रंगातून आणि रस्त्यावरच्या धुळीतून आलेला असू शकतो, हे त्या शिक्षकांच्या टिपणांनीच दाखवले.

पेट्रोल बदलले, रक्त बदलले

अमेरिकेत १९७५ पासून नव्या मोटारींना धुराड्यात उत्प्रेरक बसवणे सुरू झाले. शिशाने हा उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे घटत गेले आणि त्याच्या पाठोपाठ लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे ३७ टक्क्यांनी उतरले. पहिल्या हौदाची आवक कमी केली की पाणी किती लवकर उतरते, याचे हे उदाहरण.

आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० सालापासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. १९९७ च्या एका पाहणीत मुंबईतल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले होते. २००२ साली मुंबईतल्या साडेसातशे मुलांच्या तपासणीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के निघाले. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली.

पण दुसरा हौद, म्हणजे हाडे, इतक्या लवकर रिकामा होत नाही. जे २००० पूर्वी शहरात वाढले त्यांच्या हाडांत त्या काळच्या रस्त्यांवरचे शिसे अजून शिल्लक असणार. गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते. त्याच्याबरोबर हे शिसेही रक्तात उतरते आणि बाळापर्यंत पोचते. उतारवयात हाडे झिजू लागली की तेच होते.

शिवाय पेट्रोल हा एकच मार्ग नव्हता. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवणे, रंग, खेळणी, झिलईची भांडी, कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ, हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून मिसळलेले लेड क्रोमेट या वाटा अजून पूर्ण बंद झालेल्या नाहीत. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या भिंती, खिडक्या आणि बाकांवर जुना रंग आहेच. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे.

शाळेत काय करता येईल

शाळेचे रंगकाम निघाले की डब्यावर शिसेविरहित असल्याची नोंद आहे का ते पाहावे. जुना रंग कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा आणि ते काम सुट्टीत करावे. जेवणाआधी साबणाने हात धुण्याचा आग्रह आपण जंतूंसाठी धरतो. शिशाच्या धुळीवरही तोच उपाय आहे. शालेय पोषण आहारातली डाळ, पालेभाजी, नाचणी यांतले लोह आणि कॅल्शियम शिशाचे शोषण कमी करतात. उपाशीपोटी शाळेत आलेल्या मुलाच्या अंगात ते जास्त शोषले जाते. वस्तीत कोणी बॅटऱ्या वितळवत असेल तर तिथल्या मुलांची रक्ततपासणी व्हावी म्हणून आरोग्य केंद्राला कळवावे.

शेवटी एका आकड्याविषयी. मुलांच्या रक्तात किती शिसे असले की लक्ष घालावे, याची अमेरिकेतली मर्यादा १९६० मध्ये डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम होती. ती १९७१ मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ झाली. हा शेवटचा आकडा सुरक्षिततेची रेषा नाही. त्या देशातल्या बहुसंख्य मुलांपेक्षा ज्यांच्या अंगात जास्त शिसे आहे, अशी मुले ओळखण्यासाठी काढलेली ती एक संख्याशास्त्रीय खूण आहे. औद्योगिक युगापूर्वीच्या माणसाच्या रक्तात सुमारे ०.०१६ मायक्रोग्रॅम शिसे असावे, असा अंदाज १९९२ साली मांडला गेला. ३.५ ला ०.०१६ ने भागा, असे मुलांना सांगून पाहा. उत्तर दोनशेच्या वर येते.